नांदेल त्याचा देश



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी उभा जन्म नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या पेपराला जोडलेला वीस गुणांचा विषय. बहुतेक मुलं तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. गुरुजी मात्र वर्षाच्या पहिल्याच तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहायचे: ‘तू या देशाचा कसा झालास?’ मुलं गोंधळायची. कसा झालो म्हणजे? जन्मलो म्हणून झालो!

आज तोच प्रश्न घेऊन मी तुम्हाला फ्रान्सला नेणार आहे. तीस वर्षं मी फ्रेंच शिकवलं आणि त्या काळात सर्वांत जास्त वेळा मला विचारला गेलेला प्रश्न व्याकरणाचा नव्हता. ‘सर, आमच्या मुलीला ल्योंमध्ये बाळ झालं. आता ते फ्रेंच ना?’ आजी-आजोबांच्या डोळ्यांत आनंद असायचा आणि थोडी धाकधूकही. मी सांगायचो, नाही. आईवडील दोघेही भारतीय असतील आणि दोघांपैकी कुणाचाही जन्म फ्रान्समधला नसेल, तर नुसतं तिथे जन्मून बाळ फ्रेंच होत नाही. अमेरिकेत होतं, फ्रान्समध्ये नाही.

मग कसं होतं? त्यासाठी मला आपल्या भाषेतला एक शब्द उसना घ्यावा लागेल. आपण म्हणतो, मुलगी सासरी नांदते. लग्न एका दिवसात लागतं, नांदणं वर्षानुवर्षं चालतं. फ्रेंच कायद्याची कलमं मी पुन्हा पुन्हा वाचली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा कायदा जन्म विचारतो, रक्त विचारतो, लग्न विचारतो, पण शेवटी प्रत्येक दारात उभं राहून एकच विचारतो: तू इथे नांदलास का?

आधी थोडा इतिहास. क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये परकी माणूस फ्रेंच वारस न ठेवता मेला, तर त्याची मालमत्ता राजाकडे जाई. आपला कोण आणि परका कोण, हा प्रश्न त्या काळी मुख्यतः वारशाच्या भांडणात कोर्टात निघायचा, आणि कोर्टं पाहायची ती दोन गोष्टी: जन्म राज्यात झाला का, आणि राहणं राज्यात आहे का. पुढे १८०४ चा नागरी कायदा आला. मसुद्याच्या चर्चेत खुद्द नेपोलियन बोनापार्टचं मत होतं की फ्रेंच भूमीवर जन्मेल तो फ्रेंच. त्याला सैन्य हवं होतं. पण त्रोंशे नावाच्या बुजुर्ग कायदेपंडितांनी विरोध केला आणि त्यांचंच म्हणणं टिकलं. ठरलं असं की फ्रेंच बापाचं मूल फ्रेंच, मग ते जगात कुठेही जन्मो. नेपोलियनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात या एका बाबतीत नेपोलियनचाच पराभव आहे.

हे रक्ताचं तत्त्व पुढे का पुरलं नाही? याचं उत्तर मिळतं उत्तर फ्रान्समधल्या रुबे या कापडगिरण्यांच्या गावात. आपल्या इचलकरंजीसारखं किंवा जुन्या गिरणगावासारखं हे गाव. सीमा ओलांडून बेल्जियमचे कामगार तिथे इतके आले की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावची निम्मी वस्ती बेल्जियन झाली. त्यांची मुलं तिथेच जन्मली, तिथल्याच गल्लीत वाढली, तीच भाषा बोलू लागली. पण कायद्याने ती परकी. आणि परकी म्हणून त्यांना लष्करभरती नाही. शेजारच्या फ्रेंच घरातला पोरगा वयात आला की बरॅकमध्ये जायचा आणि बेल्जियन घरातला पोरगा मागे राहून गिरणीतली जागा धरायचा. भरती होणाऱ्या मुलाच्या आईला काय वाटत असेल? एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोन घरांत हा भेद किती दिवस चालणार?

तोडगा १८५१ मध्ये काढला गेला, पण त्याला पळवाट होती. आईबाप परके असले तरी त्यांच्यापैकी एकजण फ्रान्समध्येच जन्मला असेल, तर त्यांचं तिथे जन्मलेलं मूल फ्रेंच. मात्र वयात आल्यावर त्याला ते नाकारता येई, आणि पुष्कळांनी नाकारलं. मग २६ जून १८८९ चा कायदा आला. दोन पिढ्या ज्यांचा जन्म फ्रान्समध्ये झाला, ते फ्रेंचच, आता नाही म्हणता येणार नाही. आणि परक्या आईबापांचं जे मूल इथे जन्मलं आणि वयात येईपर्यंत इथेच राहिलं, तेही फ्रेंच. याच्या मुळाशी औदार्य होतं असं मी म्हणणार नाही. सैनिक हवे होते. पण गरजेपोटी का होईना, एक मोठं सत्य कायद्यात शिरलं: जो इथे वाढला तो इथला.

हेच तत्त्व आजही उभं आहे, आणि मला त्या कायद्यातलं सर्वांत मोलाचं कलम हेच वाटतं. परक्या आईवडिलांचं मूल फ्रान्समध्ये जन्मलं, अठरा वर्षं पूर्ण होतात त्या दिवशी ते तिथे राहत असलं, आणि वयाच्या अकराव्या वर्षापासून सलग किंवा तुटक मिळून किमान पाच वर्षं त्याने तिथे काढली असली, तर अठराव्या वाढदिवशी ते आपोआप फ्रेंच होतं. अर्ज नाही, मुलाखत नाही. थांबायचं नसेल तर सोळाव्या वर्षी ते स्वतः निवेदन देऊ शकतं. तेराव्या वर्षापासून त्याच्या संमतीने आईवडील देऊ शकतात, त्यासाठी मात्र आठव्या वर्षापासूनचं वास्तव्य लागतं.

अकरावं वर्षच का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. फ्रान्समध्ये साधारण अकराव्या वर्षी मूल प्राथमिक शाळा सोडून ‘कोलेज’मध्ये जातं, म्हणजे आपल्याकडची सहावी. तिथून सोळाव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं. आणि पाच वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून कचेरीत काय चालतं? शाळेचे दाखले! ज्या वयात मूल मित्र जोडतं, भांडतं, कुणाच्या तरी प्रेमात पडतं, त्या वयाची वर्षं कायदा मोजतो. गुरुजी आज असते तर हे कलम त्यांनी फळ्यावर लिहून काढलं असतं.

या कलमावर एकदा घाला पडला. १९९३ च्या कायद्याने ठरवलं की आपोआप काही मिळणार नाही. सोळा ते एकवीस या वयात मुलाने पुढे येऊन ‘मला फ्रेंच व्हायचंय’ असं सांगितलं पाहिजे. वरवर पाहता यात गैर काय, असं वाटेल. इच्छा सांगायला काय जातं? पण विचार करा. एकाच बाकावर दोन मुलं बसतात. एकाला कुणी काही विचारत नाही, दुसऱ्याला मात्र कचेरीत जाऊन मी इथला आहे हे सांगावं लागतं. मनाला लागणारी गोष्ट आहे ही. कित्येक मुलांना असा नियम आहे याचाच पत्ता नव्हता, आणि मुदत निघून गेली. हा नियम चूक होता. १९९८ मध्ये तो रद्द झाला, ते योग्यच झालं.

लग्नाची वाट मी भराभर सांगतो. पूर्वी फ्रेंच पुरुषाशी लग्न लागलं की परदेशी बायको त्याच क्षणी फ्रेंच होई. पोलंडहून आलेल्या मारी स्क्लोदोव्स्का १८९५ मध्ये प्येर क्युरींशी लग्न करून अशाच फ्रेंच झाल्या. उलट फ्रेंच बाईने परक्याशी लग्न केलं की ती आपलं राष्ट्रीयत्व गमावून बसे. ही गोष्ट १९२७ च्या कायद्याने थांबवली. स्त्रीपुरुष समानता यायला मात्र १९७३ उजाडलं. आज लग्नानंतर चार वर्षं एकत्र संसार झाला पाहिजे, मग निवेदन देता येतं. फ्रान्समध्ये सलग तीन वर्षं राहणं झालं नसेल आणि परदेशात असताना जोडीदाराचं नाव वकिलातीच्या नोंदवहीतही नसेल, तर पाच वर्षं. कायद्याचा शब्द आहे ‘एकत्र जगणं’. पुन्हा नांदणंच आलं.

आता ती वाट, जिच्यावरून आपली मुलं जातात. शिकायला गेलेली, नोकरीत रुजलेली. याला तिथे ‘नातुरालिझासियों’ म्हणतात, सरकारच्या हुकूमनाम्याने मिळणारं नागरिकत्व. किमान पाच वर्षं वास्तव्य हवं. तिथल्या उच्च शिक्षणाची दोन वर्षं यशस्वीपणे पुरी केली असतील, तर दोनच वर्षं पुरतात. पोटापाण्याचं साधन स्थिर हवं, भाषा यायला हवी, इतिहास आणि प्रजासत्ताकाची तत्त्वं माहीत हवीत. भाषेची अट २०२६ पासून वाढवून वरच्या मध्यम, म्हणजे बी-२ पातळीवर नेली आहे आणि नागरिकत्वाची एक वेगळी परीक्षाही सुरू केली आहे. आणि हे सगळं असूनही सरकार नाही म्हणू शकतं. अठराव्या वर्षी मिळतो तो हक्क असतो, हुकूमनाम्याने मिळते ती मर्जी असते. हा फरक मनात पक्का ठेवा.

माझी एक विद्यार्थिनी या वाटेने गेली. तिचे पगाराचे कागद, करभरणा, घरभाड्याच्या पावत्या सगळं जागच्या जागी होतं. अडलं कुठे? तिच्या आईवडिलांच्या जन्मदाखल्यांवर! अर्जदाराच्या आईवडिलांची जन्माची किंवा लग्नाची नोंद मागतात. वडील खेड्यात जन्मलेले, नोंद कुठेच नाही. शाळेच्या दाखल्यावर तारीख होती १ जून. या सभागृहात १ जूनला जन्मलेले किती जण असतील! शाळेत घालायच्या दिवशी मास्तरांनी लावून दिलेली ती तारीख. ती मुलगी गावच्या ग्रामपंचायतीत तीन खेपा घालून आली. मग लग्नाची नोंद शोधली, तिच्यावर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का घेतला, शपथबद्ध भाषांतरकाराकडून फ्रेंच भाषांतर करून घेतलं. दीड वर्षाने तिला प्रेफेक्त्यूरमध्ये, म्हणजे तिथल्या कलेक्टर कचेरीत, समारंभाला बोलावलं. ‘मार्सेयेज’ हे राष्ट्रगीत म्हटलं गेलं आणि तिच्या हातात कागदांची एक घडी ठेवली गेली. त्यात एक फ्रेंच जन्मदाखला होता. परदेशात जन्मलेल्या फ्रेंच नागरिकांची नोंद नांत शहरात ठेवतात. जन्मगाव म्हणून दाखल्यावर बार्शी तालुक्यातलं तिचं गाव रोमन लिपीत लिहिलेलं होतं. तिने मला फोन केला तेव्हा ती दोन कारणांनी रडत होती. एक आनंदाचं, आणि दुसरं असं की त्याच आठवड्यात तिला भारतीय पासपोर्ट परत करायचा होता. फ्रान्सला दोन नागरिकत्वं चालतात, आपल्या कायद्याला चालत नाहीत. स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं.

या आपल्या देशातच फ्रेंच राष्ट्रीयत्वाची एक जिवंत गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पुदुच्चेरी. १ नोव्हेंबर १९५४ ला कारभार भारताकडे आला. करारावर सह्या झाल्या २८ मे १९५६ ला, आणि तो अमलात आला १६ ऑगस्ट १९६२ ला. करारात लिहिलं होतं: या वसाहतींमध्ये जन्मलेले आणि तिथेच राहणारे फ्रेंच नागरिक आता भारतीय झाले. ज्यांना फ्रेंच राहायचं असेल त्यांनी सहा महिन्यांच्या आत लेखी कळवावं. सहा महिने! अठरा वर्षांखालच्या अविवाहित मुलांचं काय? बापाने सही केली तर तीही फ्रेंच, नाही केली तर तीही भारतीय.

काही वर्षांपूर्वी मी तिथल्या एका घरी गेलो होतो. आजोबा फ्रेंच सैन्यातून इंडोचायनात लढून आलेले. अशांना तिथे सगळे ‘सोल्दा’ म्हणतात. त्यांच्या सुनेने पत्र्याच्या ट्रंकेतून एक पातळ वही काढली. फ्रेंच कुटुंबनोंद वही. वरचा पुठ्ठा तेलकट झालेला, आत शाईने लिहिलेली नावं, मुलांच्या जन्मतारखा, एका मुलाच्या नावापुढे मृत्यूची तारीख. आजोबांनी मुदत संपण्याआधी जेमतेम तीन आठवडे सही केली होती. समोरच्या घरातल्या त्यांच्या सख्ख्या भावाने केली नाही. स्वतंत्र भारत सोडून गोऱ्यांचा कागद कशाला, असं तो म्हणाला, आणि त्याचंही चुकलं नव्हतं. आज एका भावाची नातवंडं पॅरिसच्या उपनगरात आहेत, दुसऱ्याची चेन्नईत. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूक असली की आजही पुदुच्चेरीत मतदान होतं. तेव्हा अलीकडचं घर रांगेत उभं राहतं आणि पलीकडचं दारातून पाहतं.

पण ऐका, गोष्ट इथे संपत नाही. फ्रेंच कायद्यात आणखी एक कलम आहे. एखादं कुटुंब पन्नास वर्षांहून जास्त काळ परदेशात राहिलं आणि त्या काळात ती व्यक्ती किंवा तिचे आईवडील फ्रेंच म्हणून वागलेच नाहीत, पासपोर्ट नाही, वकिलातीत नोंद नाही, मतदान नाही, तर केवळ वंशाच्या आधारे मी फ्रेंच आहे हे त्यांना सिद्ध करता येत नाही. पुदुच्चेरीचा हिशोब धरला तर ही पन्नास वर्षं २०१२ मध्ये भरली. रक्त होतं, सही होती, पण नांदणं नव्हतं, म्हणून दार बंद. जमिनीच्या बाबतीत जी अट, तीच रक्ताच्याही बाबतीत. आपल्या शेजारच्या गोव्याशी तुलना करून पाहा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगाल आजही नोंद करू देतो. म्हणून लिस्बन कधी पाहिलंही नाही अशी माणसं पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला कामाला गेली. फ्रान्सने सहा महिन्यांची खिडकी ठेवली आणि ती मिटली.

आता कायद्याची काळी बाजू. ती लपवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. नांदण्यावर हक्क मिळतो म्हणता, मग फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियाचं काय? तिथली मुस्लिम प्रजा पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीवर नांदत होती. १८६५ च्या फर्मानाने त्यांना फ्रेंच म्हटलं खरं, पण नागरिक केलं नाही. पूर्ण हक्क हवे असतील तर आपला धार्मिक व्यक्तिगत कायदा सोडा, अशी अट घातली. म्हणजे लढायला फ्रेंच, मत द्यायला परके. तिथल्या ज्यूंना १८७० मध्ये नागरिकत्व दिलं, आणि १९४० मध्ये, जर्मनांपुढे शरणागती पत्करल्यावर आलेल्या व्हिशी सरकारने काढून घेतलं. त्याच व्हिशी सरकारने २२ जुलै १९४० ला आणखी एक कायदा केला: १९२७ पासून ज्यांना ज्यांना नागरिकत्व दिलं, त्यांचे कागद पुन्हा तपासा. सुमारे पंधरा हजार माणसांचं राष्ट्रीयत्व काढलं गेलं. त्यांत हजारो ज्यू होते, आणि राष्ट्रीयत्व गेलं म्हणजे पोलिसांपासूनचं शेवटचं छत्र गेलं. कागदाची तारीख बघून माणूस वेगळा काढता येतो, हे त्या वर्षांनी दाखवलं. म्हणूनच फ्रान्समध्ये जेव्हा जेव्हा राष्ट्रीयत्व काढून घेण्याची भाषा निघते, तेव्हा लोक एवढे अस्वस्थ होतात. २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी घटनेत तशी तरतूद करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या न्यायमंत्री क्रिस्तियान तोबिरा यांनी राजीनामा दिला. दोन महिन्यांनी ओलांद यांनीच तो विचार सोडला.

आणि आजचं मायोत. हिंदी महासागरातलं हे छोटं बेट फ्रान्सचा एक जिल्हा आहे. शेजारच्या कोमोरोस बेटांवरून होड्यांतून बायका बाळंतपणाला येतात, असं म्हणून २०१८ मध्ये तिथल्यापुरती जन्माची अट कडक केली आणि २०२५ मध्ये आणखी कडक केली. आता बाळाच्या जन्मवेळी आई आणि वडील दोघेही किमान एक वर्ष कायदेशीर रहिवासी असायला हवेत. म्हणजे मूल तिथे जन्मलं, तिथेच वाढलं, तिथल्या शाळेत शिकलं, तरी त्याच्या नांदण्याआधी आईबापाचा कागद बघायचा. एका देशात राष्ट्रीयत्वाचे दोन नियम झाले. मला हे फार धोक्याचं वाटतं. १८८९ पासून चालत आलेल्या विचाराची वीण एका बेटावर उसवली, ती तिथेच थांबेल याची हमी कोण देणार?

शेवटी एका माणसाबद्दल बोलून थांबतो. मिसाक मानुशियान. आर्मेनियन अनाथ मुलगा. आर्मेनियनांच्या नरसंहारात आईबाप गमावून, अनाथाश्रमात वाढून १९२४ मध्ये मार्सेयला उतरला. सुतारकाम केलं, कारखान्यात राबला, फावल्या वेळात कविता लिहिल्या. १९३३ मध्ये फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज केला. मिळालं नाही. १९४० मध्ये पुन्हा केला. मिळालं नाही. मग जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर हाच माणूस परदेशी कामगारांच्या सशस्त्र गटाचा प्रमुख झाला आणि फ्रान्ससाठी लढला. २१ फेब्रुवारी १९४४ ला माँ-व्हालेरियांच्या टेकडीवर साथीदारांसह त्याला गोळ्या घातल्या. बरोबर ऐंशी वर्षांनी, २१ फेब्रुवारी २०२४ ला, फ्रान्सने त्याला त्याच्या पत्नीसह पाँतेओंमध्ये, म्हणजे राष्ट्राच्या थोरांच्या समाधिस्थळात, नेऊन ठेवलं. तिथे व्होल्तेअर आहेत, ह्युगो आहेत, मारी क्युरी आहेत.

मेला तेव्हा त्याच्याजवळ कोणत्याही देशाचं नागरिकत्व नव्हतं.